सातव्या भागातली बाई

राघूला चोच नव्हती. रविवारी दुपारी जेवून मी माडीवर उताणा पडलो होतो, फोन छातीवर धरला होता, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि त्या बाईच्या पदराच्या काठावर हिरव्या राघूंची जी रांग होती त्यातल्या एकालाही चोच नाही असं मला दिसलं. मी उठून बसलो. चष्मा पुसला. परत बघितलं. चित्र जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं. पण ती बाई घागर घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी जवळून पुढं जाते आणि दीड-दोन सेकंद तिचा पदर सगळी काच भरून टाकतो. मला दीड सेकंद पुष्कळ झाला. मागावर जन्म घालवलेल्या माणसाला कापड वाचायला तेवढाही वेळ लागत नाही. डोकं, मान, पंख, शेपूट सगळं जिथल्या तिथं, आणि तोंडाच्या जागी सपाट. असा राघू जगात एकाच साडीवर होता. ती साडी मी विणली होती, आणि लग्न ठरल्यावर सुवर्णाला पाठवली होती. खालून भांडी घासल्याचा आवाज येत होता. सुवर्णा भांडी घासताना गुणगुणते. चौतीस वर्षं गुणगुणतेय, मी कधी कान दिला नाही. त्या दुपारी पहिल्यांदा मनात आलं, ही कुणाचं गाणं म्हणते?

हे खूळ मला कसं लागलं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साठीला टेकलेला माणूस भरदुपारी परक्या बायकांचे पदर मोठे करून का बघत बसतो. बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत. आता सूरज बघतो, आमचा मुलगा. मी खाली गेलो की तो म्हणतो, “आप्पा, तुमी वर बसा की निवांत.” निवांत बसायचं म्हणजे काय करायचं हे कुणी शिकवत नाही. तेव्हा त्यानंच जुना फोन दिला, आणि कसा कोण जाणे मी ‘चूक धरा’ नावाच्या गटात जाऊन पडलो. अकरा हजार माणसं, आणि सगळ्यांचं काम एकच, जुन्या मालिकांतल्या चुका काढायच्या. मावळ्याच्या दंडावर देवी टोचल्याचा वण. पेशव्याच्या दिवाणखान्यात तक्क्यामागं विजेचं बटण. वनवासातल्या ऋषीच्या धोतराला इलॅस्टिक. एका संताच्या मनगटावर घड्याळ काढून ठेवल्याचा पांढरा पट्टा, तो तर मीच काढला होता. पण माझी खरी ख्याती कापडाची. कुठंही जुन्या काळाचा देखावा असला की कुणीतरी लिहायचं, वडगावच्या सिद्रामअण्णांना विचारा. आणि मी सांगायचो. हे लुगडं त्या काळात नव्हतं, हा धागा साठ सालानंतरचा, ही किनार यंत्राची. लोक हात जोडायचे. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं. आयुष्यभर चांगलं कापड विणलं तेव्हा कुणी हात जोडले नव्हते.

मागच्या आठवड्यात गडहिंग्लजच्या समर्थ नावाच्या पोरानं ‘घाटाखालचं ठाणं’ चढवलं. बेचाळीसच्या चळवळीवरची तेरा भागांची मालिका, ब्याण्णव साली मुंबईच्या दूरदर्शनवर लागायची. आम्ही बेळगावकरांनी ती कधी बघितलीच नाही, कारण आमच्या अँटेनाला बेंगळूर यायचं. मराठी घरात बसून आम्ही कानडी बातम्या बघायचो, आणि निपाणीकडची माणसं उंच खांब उभे करून मुंबई धरायची. वास्तविक त्या मालिकेचं पंधरा दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडंच, जांबोटीच्या रानात आणि उचगावात झालं होतं, एक्क्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. समर्थच्या वडिलांनी घरच्या यंत्रावर भाग भरून ठेवले होते. ‘दुसरीकडं कुठंही मिळणार नाही’ असं त्यानं वर लिहिलं होतं. मी आनंदानं तुटून पडलो. सातव्या भागात गावातल्या विहिरीवरून एक बाई घागर घेऊन येते आणि भूमिगत पुढाऱ्याच्या पुढ्यातून पाठमोरी निघून जाते. तेवढीच. तोंड दिसत नाही, बोलत नाही. मी तो तुकडा कापून गटावर टाकला आणि वर लिहिलं, ‘सन बेचाळीस. गावात खायला दाणा नाही आणि पाणी आणणाऱ्या बाईच्या अंगावर पॉलिस्टर! काठात प्लास्टिकची जर! शिवाय घागर रिकामी आहे. भरल्या घागरीनं बाई अशी चालत नाही. ही तर वरातीत चाललीय.’ दोन हजार माणसं हसली. कुणी लिहिलं, काकूंना पाणी नको, मेकअप हवाय. त्यालाही मी हसणारं तोंड पाठवलं. चार दिवस मी त्या हसण्यावर जगलो, आणि रविवारी दुपारी राघू दिसला.

आता त्या राघूची गोष्ट. ती मी कुणाला सांगितलेली नाही. मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना जशी भोकं पाडाल तसं चित्र कापडात उठतं. मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं, चित्त थाऱ्यावर नव्हतं. राघूचे पत्ते पाडताना एका पत्त्यातलं एक भोक राहिलं. एकच. पण मागाला दया नसते, दर राघूला चोच गेली. सबंध साडी विणून झाल्यावर बाबांनी बघितलं आणि भर शेडमध्ये मला मुस्काटात मारली. ती साडी विकायला काढायची नाही, वडगावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं म्हणाले. आणि मी काय करावं? आमच्यात लग्न ठरलं की मुलाकडून मुलीला घरच्या मागावरची एक साडी जाते, हळदीच्या आधी. मी ती बिघडलेली साडी घडी घालून मनुआत्यासोबत उचगावला पाठवून दिली, आणि निरोप दिला की नवीन डिझाईन हाय, खास तुझ्यासाठी. मूर्खपणा म्हणा, चिक्कूपणा म्हणा. मला वाटलं शेतकऱ्याची पोर, तिला काय कळतंय. लग्नानंतर महिन्याभरानं मी सहज विचारलं, ती राघूची साडी कुठाय गं? तर म्हणाली, “वाळत घातलती, म्हशीनं चगळली.” मला सुटल्यासारखं झालं. पुरावा गेला. मी परत कधी विचारलं नाही. आणि आता ती म्हशीनं चगळलेली साडी मुंबईच्या दूरदर्शनवर कुणा बाईच्या पाठीवर मिरवत होती.

ती दुपार मी कशी काढली मलाच ठाऊक. खाली जाऊन सरळ विचारायचं सोडून मी आधी गटावर गेलो, माझ्याच पोस्टीखाली. आणि तिथं, हसणाऱ्यांच्या गर्दीत, सकाळी टाकलेला एक अभिप्राय होता. नागेंद्र, निपाणी. ‘उचगावचं चित्रीकरण. त्या दिवशी मी तिथं होतो. ही साडी मला अजून आठवते.’ बस. एवढंच. नागेंद्र. हे नाव मला परकं नव्हतं. उचगावला सुवर्णाच्या घरासमोर जयाबाई राहायच्या, त्यांचा हा निपाणीचा भाचा. सुट्टीला यायचा, गावातल्या नाटकांत नाचायचा, असं सुवर्णाच केव्हातरी बोलली होती, आणि बोलताना हसली होती. केव्हा बोलली? का हसली? चौतीस वर्षांत दोनदा की तीनदा? मी त्याच्या नावावर बोट ठेवलं. फोटो उघडला. केस काळे केलेले, मिशी कापलेली, गळ्यात रुमाल. शाळांच्या स्नेहसंमेलनाला पोशाख आणि सामान भाड्यानं देतो, खाली फोन नंबर. शिवाजीचा जिरेटोप घालून स्वतःच उभा राहिलेला एक फोटो होता. एरवी मी त्या जिरेटोपातल्या पाच चुका काढल्या असत्या. तेव्हा मला एवढंच दिसलं की माणूस अजून ताठ आहे आणि माझ्यासारखं त्याचं पोट सुटलेलं नाही.

मी जळत होतो. साठीला आलेल्या माणसानं असं म्हणू नये, पण दुसरा शब्द नाही. आतनं, करपल्यासारखं. तुम्हाला चुका शोधायची सवय लागली की ती मालिकेपाशी थांबत नाही. मी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला आणि भिंग घेऊन बसलो. पंगतीच्या फोटोत तो होता. बुंदीचं ताट घेऊन वाढतोय, वाकलेला, आणि बघतोय डावीकडं. डावीकडं काय होतं? फोटो तिथं संपत होता. सुवर्णा ह्या फोटोत नाही. मग ती त्या वेळी कुठं होती? मी पुढचे फोटो लावून बघितले, मागचे लावून बघितले. बायकोच्या कपाळावरची मुंडावळी एका फोटोत सरळ आणि दुसऱ्यात वाकडी होती, मध्ये कुणीतरी हात लावला असणार. तिच्याच हातानं सरकली असेल हे मला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. सबंध संसार मी पुन्हा लावला. सूरज झाला तेव्हा ती तीन महिने माहेरी राहिली होती. शहाण्णव साली निपाणीच्या लग्नाला चल म्हटलं तर डोकं दुखतंय म्हणाली. का दुखलं? का नेमकं निपाणीलाच? टीव्हीवर जुनं काही लागलं की कामं टाकून दारात उभी राहून बघायची आणि मी “काय बघतीस?” म्हटलं की निघून जायची. प्रत्येक ठिकाणी मला आता विजेचं बटण दिसत होतं. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये ती साडी. तिनं माझी साडी, माझ्या मागावरची, माझ्या गालावरचे वळ असलेली, त्या नाटक्याला दिली, त्यानं ती कुणा नटीला नेसवली, आणि चौतीस वर्षं मला म्हैस सांगितली.

चार वाजता ती चहा घेऊन वर आली. “अल्बम कशाला काढलासा?” म्हणाली. मी म्हटलं, “असंच.” ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. “बघा की, मी कसली बारकी होते,” म्हणाली. मी तिच्याकडं वळून बघितलं नाही. मी तिच्या हाताकडं बघत होतो, तिनं कुठल्या फोटोवर बोट ठेवलं ते. पंगतीच्या फोटोवर ठेवलं नाही. मुद्दाम ठेवलं नाही, असं मी धरून चाललो. “तोंड का पाडलंयसा? पित्त झालंय व्हय?” म्हणाली. व्हय म्हटलं, पित्तच झालंय. ती खाली गेली आणि पाच मिनिटांनी कोकमाचं सरबत पाठवून दिलं, सूनबाई माधवीच्या हातनं. ते मी खिडकीतनं खाली ओतलं. असला राग मला स्वतःच्या बायकोचा कधी आला नव्हता, आणि तिच्या हातचं सरबत ओतताना मला एक वाईट सुख झालं, तेही सांगून टाकतो.

पाच वाजता मी शेडमागच्या बोळात जाऊन त्या नंबरावर फोन लावला. नाव सांगावं की नको, शूटिंगबद्दल विचारायचंय असं म्हणावं, सगळं ठरवून ठेवलं होतं. पलीकडनं “हॅलो” आलं आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, “मी वडगावचा सिद्राम.”

“अरे, सिद्रामअण्णा!” तो एवढा खूश झाला की मला शिवी दिल्यासारखं वाटलं. “बोला की. लई वर्सं झाली. सुवर्णाआक्का बऱ्या हायत न्हवं?”

आक्का म्हणतोय. चोर कुठला. मी म्हटलं, “तुम्ही त्या साडीचं लिहिलासा. ती साडी तुमच्याकडं कशी आली?”

“माझ्याकडं? माझ्याकडं कशाला येतीया? मी सामान गोळा करायच्या कामाला होतो तिथं. घागरी, बैलगाड्या, मानसं. त्यांना विहिरीवरची बाई पायजे होती. दोन-तीन बायांना चालवून बघितलं, समद्या कॅमेऱ्याकडं बघत्यात. मग मी समोरनं आक्कांना हाक मारली, त्या दारातच हुत्या की बघत. त्या ती नवी साडी नेसून आल्या. साहेब म्हनले, ही चमकतीया, दुसरी नेसवा. तर आक्का म्हनल्या, हीच नेसनार, न्हायतर येत न्हाय.”

बोळात आमच्याच मागांचा आवाज भिंतीतून येत होता आणि मला वाटलं मी नीट ऐकलं नसेल. “म्हंजे,” मी म्हटलं, “ती बाई…”

“अण्णा, ती सुवर्णाआक्काच हाय की,” तो हळू म्हणाला. “मला वाटलं तुमी कवतिकानं टाकलंय. मग वरचं वाचलं तवा वाटलं, नवरा-बायकोची चेष्टा असंल, आपन कशाला मधी बोला. तुमाला… तुमाला म्हाईत न्हवतं?”

“म्हाईत होतं,” मी म्हटलं. “बघत होतो तुला वळखतंय का.”

“मला? अवो, दारातनं बाहेर पडली की चालीवरनं सांगीन मी. आनि ती घागर रिकामी न्हवती, अण्णा. तुमी लिहिलासा म्हनून सांगतो. चार वेळा भरून आनली त्यांनी. साहेब म्हनले, रिकामी घ्या बाई, कोन बघतंय. आक्का म्हनल्या, मला कळतंय की. अंगावर पानी हिंदकळलेलं बघा, पदर भिजलाय.”

मी फोन ठेवला आणि तिथंच, बोळात, पुन्हा तो तुकडा लावला. पदर भिजला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत काळपट डाग होता. मी तो विटलेल्या कॅसेटचा डाग समजलो होतो. पाच दिवसांत दोनशे वेळा तरी बघितलं असेल. किनारीचे दोरे मोजले, जरीची चमक धरली, चोच धरली, आणि साडीच्या आत बाई होती ती माझी बायको होती हे मला एकदाही वाटलं नाही. दोन हजार माणसांना मी माझ्या बायकोच्या पाठीला हसवलं. हे सगळं खरं, आणि ह्याची लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती मागनं. आधी पुन्हा तीच जळजळ उठली, पहिलीपेक्षा मोठी. त्यानं ओळखली. मिशी कापलेल्या, जिरेटोप भाड्यानं देणाऱ्या त्या माणसानं चौतीस वर्षांनी, पाठमोरी, विटलेल्या चित्रात ओळखली. म्हणजे त्यानं तेव्हा बघितलं असणार. नीट, मन लावून बघितलं असणार. मी आजपर्यंत जे कधी बघितलंच नाही ते त्याच्या डोळ्यांत नुसतं पडून होतं, फुकट. आणि ती काय चालली होती हो! वरातीत चालल्यासारखी, हे मी बरोबर लिहिलं होतं. भरली घागर घेऊन, भिजलेल्या पदरानं, ती असल्या आनंदात चालली होती की तसा आनंद मी आमच्या घरात एकदाही बघितलेला नाही. सूरज झाला तेव्हा नाही, माडी बांधली तेव्हा नाही. तो आनंद तिनं लग्नाआधी त्या विहिरीवर देऊन टाकला होता, सगळ्यांना, आणि मला उरलेलं मिळालं होतं.

मग मी जे केलं ते केलं. समर्थला निरोप पाठवला की सातव्या भागात आमच्या घरची बाई आहे, तिच्या परवानगीशिवाय घेतलंय, ताबडतोब काढा, नाहीतर पोलिसात जाईन. तुम्हाला वाटेल पोरगं भांडेल, उशीर लावेल. अर्ध्या तासात उत्तर. ‘काका, माफ करा, आम्हाला कल्पना नव्हती. भाग काढून टाकलाय. कॉम्प्युटरमधूनही पुसलाय. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती ती उतरवून झाल्यावर फेकली, तेव्हा काळजी नसावी. काकू मला आईसारख्या.’ मी गटावरची माझी पोस्ट काढली. फोनमधला तुकडा काढला. काढलेलं जिथं जाऊन बसतं तिथूनही काढला, सूरजनं ते दाखवून ठेवलं होतं. आता निपाणीचा नागेंद्रच काय, ब्रह्मदेव आला तरी तिला बघणार नव्हता. मला थंड वाटलं. कोकमाचं सरबत प्यावंसं वाटलं.

दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात गेलो. सुवर्णा खाली बसून भाकरीचं पीठ मळत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले. माधवी पोरीला घेऊन देवळात गेली होती. मी पाटावर बसलो आणि ठरवून, गुन्हेगाराला विचारतात तसं विचारलं, “ती राघूची साडी म्हशीनं खाल्ली?”

तिचे हात थांबले. “आज कसं आठवलं?”

“मी ती बघितली. सिनेमात. एका बाईच्या अंगावर. विहिरीवरनं येतीया ती.”

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. आता घाबरेल, आता रडेल, आता खोटं बोलेल, सगळ्याला मी तयार होतो. आणि तिचं तोंड उजळलं. देवाशप्पथ सांगतो, दिवा लावावा तसं. चोपन्न वर्षांची बाई, पिठात हात, आणि ती माझ्याकडं पोरीसारखी बघायला लागली. “खरंच?” म्हणाली. “खरंच हाय ते? मी दिसतीया त्यात? मला वाटलं कापून टाकलं असनार. आपल्याकडं ते लागलंच न्हाय. मी किती दिवस वाट बघितली, टीव्हीवर कवातरी लागंल म्हनून. तुमी रागवशीला म्हनून बोलले न्हाय.”

“आणि म्हैस?”

“म्हैस कसली. माझ्या वडलांना कुनीतरी सांगितलं, लगीन ठरलेली पोर शूटिंगला उभारली म्हनून. रातोरात साडी चुलीत घातली त्यांनी. वडगावला कळलं तर सोयरीक मोडंल, तोंडातनं शब्द काढलास तर बघ, म्हनले. मी लई रडले. तुमी दिलेली पहिली साडी.” ती पुन्हा मळायला लागली, हसत. “राघूला चोच न्हवती तिच्या. मला घडी मोडतानाच दिसलं. म्हनलं जाऊ दे, नवीन डिझाईन म्हनलंय बिचाऱ्यानं. म्हनूनच ती नेसून गेले मी. म्हनलं तुमी विनलेली साडी टीव्हीवर दिसंल, तुमाला बरं वाटंल. आनि त्या साहेबाला सांगितलं, तोंड दावायचं न्हाय, पाठमोरी जाते, लगीन ठरलंय माझं. तो म्हनला, जा बाई, कशीबी जा.”

बाहेर सूरजनं माग बंद केले आणि घर एकदम शांत झालं. एवढी खूश कशानं होतीस तू त्या दिवशी, असं मला विचारायचं होतं आणि विचारायचं धैर्य नव्हतं. उत्तर ‘तुमच्यामुळं’ असलं तरी मला सोसलं नसतं.

“दावा की,” ती म्हणाली. “फोनमदी हाय न्हवं? दावा की एकदा. हात असंच र्‍हाऊ द्यात, तुमी धरा म्होरं.”

“न्हाय आता ते,” मी म्हटलं. “गेलं.”

“गेलं म्हंजे?”

“मी काढायला लावलं. दुसरीकडं कुठं न्हाय.”

तिनं का म्हणून विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तोंडावरचं ते उजळलेलं हळूहळू गेलं आणि ती पुन्हा चोपन्न वर्षांची झाली. पिठाचा गोळा तिनं उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, “बरं. मग सांगा तरी. तुमी बघितलासा न्हवं? कशी दिसत होते?”

“काठ चांगला दिसत होता,” मी म्हटलं. “जर जरा जास्त चमकत होती. पदरावर पानी…”

“साडीचं र्‍हाऊ दे. माझं सांगा.”

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ किनारीतला दोरा न् दोरा होता. ती कुठल्या पायानं आली, मान कशी होती, केसांची वेणी होती की अंबाडा होता, काही नव्हतं. मी काहीतरी बनवून सांगू शकलो असतो, पण ती समोर बसून ऐकत होती आणि तिला सगळं आठवत होतं.

“समोरच्या जयाबाईंचा भाचा हुता तितं,” ती शेवटी म्हणाली, माझ्याकडं न बघता. “नागेंद्र. त्यांच्याकडं टीव्हीवर मुंबई यायची. त्यानं बघितलं असंल. त्याचा नंबर मिळंल का कुठनं?”

नंबर माझ्या फोनात सगळ्यात वर होता. मिळत नाही असं म्हणायला किती वेळ लागतो? मी फोन काढला आणि लावला. तो उचलला गेल्यावर मी म्हटलं, “आक्का बोलत्यात,” आणि तिचे हात पिठाचे होते म्हणून पुढं होऊन फोन तिच्या कानाला धरला. “मी सुवर्णा,” ती म्हणाली, “उचगावची. मला सांग, ते सातव्या भागातलं… मी बघितलं न्हाय रं कवा. कशी दिसत होते मी?” पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं, नुसती बारीक कुजबुज, थांबून थांबून. तिनं डोळे मिटून घेतले. “व्हय?” म्हणाली. “खरंच?” म्हणाली. मग नुसतीच “हं… हं…” करत राहिली आणि तिच्या तोंडावर ते पुन्हा आलं. माझा हात भरून आला होता, मी तो खाली घेतला नाही.